घर विकायला काढताय? गिऱ्हाईक दारात येण्याआधीची तयारी

घर विकायचं ठरलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी रंगकाम येतं. त्यामागून पडदे, आणि हात सैल असेल तर स्वयंपाकघराचं नूतनीकरण. रंगाचा डबा उघडण्याआधी बरंच काही करायचं असतं आणि त्यातलं पुष्कळसं किरकोळ खर्चात होतं. घर बघायला आलेला माणूस सजावटीकडे बघून मान डोलावतो खरा, पण मनात तो शंका मोजत असतो. नळ ठिबकताना दिसला की त्याला दोन मिनिटांत बदलता येणारा वॉशर आठवत नाही, भिंतीतली अख्खी पाइपलाइन आठवते. दार चौकटीला घासलं की त्याला वाटतं, भिंत तर खचली नाही ना? दुरुस्तीचा खरा खर्च त्याला माहीत नसतो, म्हणून तो आकडा वाढवूनच धरतो आणि तुमच्या किमतीतून वजा करून मोकळा होतो. तेव्हा कोणतंही काम काढताना एवढंच विचारायचं: याने बघणाऱ्याची एखादी शंका कमी होणार आहे का? होणार नसेल तर ते काम यादीतून काढून टाका.

परक्यासारखी एक फेरी मारा

घरात वर्षानुवर्षं राहिलं की त्याच्या खोडी दिसेनाशा होतात. स्विचभोवती हातांचे काळपट ठसे, उचकटलेली स्कर्टिंगची पट्टी, जोर लावल्याशिवाय न लागणारी कडी, या सगळ्याला आपण सरावलेले असतो. म्हणून रस्त्यापासून सुरुवात करून घरभर मोबाइलवर व्हिडिओ काढत फिरा. गिऱ्हाईक ज्या वाटेने येईल त्याच वाटेने जा: फाटक किंवा जिना, मुख्य दार, बाहेरची खोली, मग आत. व्हिडिओ लगेच बघू नका, दुसऱ्या दिवशी बघा. प्रत्यक्षात नजर ज्याच्यावरून घसरून जाते ते पडद्यावर टोचतं.

बघताना यादी करा आणि प्रत्येक गोष्टीपुढे एकच शब्द लिहा: दुरुस्त, स्वच्छ किंवा बाहेर. 'विचार करू' असा चौथा रकाना ठेवलात तर निम्मी यादी तिकडे जाऊन पडेल. ओल निघाली नाही तर सगळ्या तयारीला तीन-चार आठवडे पुरतात. निघाली तर जास्त वेळ हाताशी ठेवा आणि तोवर जाहिरात देऊ नका. अर्धवट कामं चालू असलेल्या घरात लोकांना बोलावणं म्हणजे पहिला, सगळ्यात उत्सुक गिऱ्हाईक वाया घालवणं.

पाण्यापासून सुरुवात

ओलीइतकं गिऱ्हाईक पळवणारं दुसरं काही नाही. छताच्या कोपऱ्यात पिवळट कड असलेला डाग दिसला की पुढची सगळी भेट त्या डागाभोवती फिरते. बाकी घर कितीही चांगलं असो, 'कुठेतरी पाणी मुरतंय' हे डोक्यात बसलं की बसलं.

लपलेली गळती शोधायला तज्ज्ञ बोलवायच्या आधी दोन चाचण्या घरच्या घरी होतात. घराला पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ बंद करा, आकडा टिपून ठेवा आणि दोनेक तास कुणालाही पाणी वापरू देऊ नका. आकडा पुढे सरकला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. दुसरी चाचणी फ्लशच्या टाकीची. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी व्हॉल्व गेला आहे. नळाचं ठिबकणंही क्षुल्लक समजू नका. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला २० लिटरच्या वर पाणी जातं, आणि शांत घरात तो टपटप आवाज खूप मोठा ऐकू येतो.

भिंत ओलसर असेल तर ओल कुठून येते हे आधी ठरवा, कारण त्यावर इलाज ठरतो. भिंतीचा तो भाग वरवर कोरडा करून हातभर लांब-रुंद अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूवर दंव जमलं असेल तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. तिथे खिडकी उघडी ठेवणं, एक्झॉस्ट पंखा लावणं, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढणं यानेच काम भागतं. फॉइलच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. मग ती कुठे आहे ते पाहा. जमिनीलगत सुरू होऊन साधारण मीटरभर उंचीवर विरत असेल तर पाया जमिनीतलं पाणी वर ओढत असण्याची शक्यता धरा. एकाच जागी गोल चट्टा असेल तर मागे पाइप आहे का ते शोधा. पाऊस झाल्यावरच उमटत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग, गच्ची, पन्हळ किंवा खिडकीची चौकट तपासा.

भिंतीवर पांढरी भुकटी आली असेल तर ते क्षार आहेत. पाणी भिंतीतून बाहेर येताना ते सोबत आणतं आणि स्वतः उडून जातं. ही भुकटी ओल्या फडक्याने पुसायची नाही, क्षार पुन्हा विरघळून भिंतीत शिरतात. कोरड्या ब्रशने झाडून काढा.

आता रंगाचं. ओलीचं मूळ बंद न करता वरून रंग मारणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे. काही आठवड्यांत पोपडे सुटतात, आणि एकाच भिंतीचा एकच पट्टा नवा कोरा दिसला तर जाणकार माणूस नेमका तिथेच हात ठेवून बघतो. मूळ बंद झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या. नवं प्लास्टर केलं असेल तर रंगाआधी साधारण चार आठवडे थांबावं लागतं. पाण्याचे जुने डाग साध्या रंगातून पुन्हा वर येतात, म्हणून त्यावर आधी डाग रोखणारा प्रायमर लावा. पुन्हा सांगतो, गळती थांबल्यावरच.

भेगा, दारं, बटणं

केसाएवढ्या बारीक भेगा बहुतेकदा प्लास्टर आकसल्याने पडतात. पुट्टी भरून, घासून, रंग लावला की विषय संपतो. पण दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. खुणेच्या पुढे गेली तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि त्याचा लेखी अहवाल जपून ठेवा. 'इंजिनिअरने बघितलं आहे, हे घ्या' असं म्हणता आलं तर भेग असूनही व्यवहार होतो.

बाकीची कामं एका सुट्टीत उरकतात. करकरणाऱ्या बिजागरीला तेल, जड चालणाऱ्या कुलपात ग्रॅफाइटची पूड, सैल हँडलचे स्क्रू, अडकणाऱ्या ड्रॉवरच्या पट्टीवर थोडं मेण. गेलेले बल्ब बदला. प्रत्येक स्विच दाबून बघा, कारण गिऱ्हाईकही दाबतं. तडकलेली स्विचची पट्टी, लोंबकळणारी वायर, गरम होणारा सॉकेट असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, इथे घरगुती हुशारी नको. विजेची गळती पकडणाऱ्या सर्किट ब्रेकरवर 'टेस्ट'चं बटण असतं. ते दाबल्यावर वीज तुटली पाहिजे.

नवं स्वयंपाकघर किंवा नवं बाथरूम करावं का? माझं मत: विकण्यासाठी म्हणून करू नका. तुमच्या आवडीच्या टाइल्सचे पैसे दुसरा कशाला देईल? त्याला कदाचित त्या फोडायच्याच असतील. कपाटांची दारं बदलणं, नवे हँडल लावणं, सिंकच्या कडेचं काळवंडलेलं सिलिकॉन खरवडून नवं भरणं एवढ्यावर बहुतेकदा भागतं. नवं सिलिकॉन भरल्यावर दिवसभर तिथे पाणी लागू देऊ नका.

निम्मं घर आधीच बांधून ठेवा

तुम्हाला घर सोडायचंच आहे. मग जे सामान पुढेमागे खोक्यांत जाणारच आहे ते आत्ताच जाऊ दे. हंगामाबाहेरचे कपडे, वर्षभरात न उघडलेली पुस्तकं, भेट आलेले आणि कधीच न वापरलेले डिनर सेट, बंद पडलेला मिक्सर. खोकी नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या गोदामात ठेवा. सगळं एका खोलीत कोंबून दार ओढून घेऊ नका. तेच दार गिऱ्हाईक आधी उघडतं, आणि 'घरात जागा पुरत नाही' हे तुम्हीच सिद्ध करून दाखवता.

कपाटांच्या आतही हाच नियम. भिंतीतली कपाटं लोक उघडून बघतातच, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, तेही विकायलाच आहे. कपाट अर्धं रिकामं असेल तर ते मोठं वाटतं. गच्च भरलेल्या कपाटातून एखादी पिशवी अंगावर पडली तर माळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं अपुरं वाटायला लागतं.

फर्निचर कमी करताना चालण्याची वाट बघा. दारातून खिडकीपर्यंत, पलंगाच्या बाजूने, ओट्यासमोर ७५ ते ९० सेंटिमीटरची मोकळी वाट असली की माणूस अंग न चोरता चालतो. जिथे वळसा घालावा लागतो तिथली एखादी खुर्ची किंवा टीपॉय काढून टाका. खिडकीपुढचं उंच कपाट हलवणं शक्य असेल तर हलवाच, त्याने उजेडही येतो आणि खोलीची शेवटची भिंतही दिसते. उलट, घर पूर्ण रिकामं करून दाखवायचं असेल तर निदान एका झोपायच्या खोलीत पलंग राहू द्या. रिकाम्या खोलीत डबल बेड मावेल की नाही याचा अंदाज बहुतेकांना येत नाही, आणि नजर जमिनीवरच्या ओरखड्यांवर जाऊन बसते.

घरच्यांचे फोटो, बक्षिसं, मुलांची प्रमाणपत्रं भिंतीवरून उतरवा. बघणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार मांडून बघायचा असतो. खिळ्यांची भोकं मात्र तशीच सोडू नका, लगेच बुजवा. दागिने, औषधं, बँकेची कागदपत्रं, सुटे लॅपटॉप हे अनोळखी पावलं घरात यायच्या आधीच कुलपात गेलं पाहिजे. फ्रिजवर चिकटवलेला मुलांच्या शाळेचा वेळापत्रकाचा कागदही काढा.

स्वच्छता: रोजची नव्हे, कोपऱ्यांची

रोजच्या झाडू-पोछ्याने जे निघत नाही तेच दिसतं. पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, खिडकीच्या सरकत्या पट्टीतला गाळ, दाराची वरची कड, चिमणीची जाळी, कमोडच्या मागची फरशी. एक खोली वरून खाली अशी घ्या, म्हणजे पडलेली धूळ शेवटी एकदाच काढता येते.

नळांवर आणि शॉवरच्या काचेवर बसलेला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यामुळे तो साबणाने जात नाही, आम्लाने विरघळतो. व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग घासून धुवा. पण संगमरवर हाही कॅल्शियम कार्बोनेटच. त्यावर हेच व्हिनेगर सांडलं तर चकाकी जाऊन पुसून न निघणारा निस्तेज डाग पडतो. संगमरवरी ओटा किंवा फरशी असेल तर फक्त सौम्य साबणाचं पाणी.

आणि एक गोष्ट घाईत विसरली जाते: ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर मिळूनही विषारी वायू होतो. टाइल्सच्या सांध्यांना ब्लीच लावलं असेल तर त्या दिवशी तिथे दुसरं काही ओतू नका, आणि खिडकी उघडी ठेवा.

वासाचं काय करायचं

स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही. नाकाला सतत तोच वास मिळाला की मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. म्हणून घरात न राहणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या कुणाला तरी बोलवा आणि दारात पाऊल टाकताक्षणी काय जाणवलं ते विचारा. दहा मिनिटांनी विचारून उपयोग नाही, तोवर त्यांचंही नाक सरावतं.

वासावर सुगंधी स्प्रे हा उपाय नाही. उलट, घमघमणाऱ्या घरात शिरल्यावर 'काय लपवताहेत?' हा पहिला विचार येतो. मूळ शोधा. क्वचित वापरल्या जाणाऱ्या बाथरूममधून गटाराचा वास येत असेल तर फरशीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी बहुधा आटलेलं असतं. ते पाणीच वायूला अडवतं. तांब्याभर पाणी ओता, वास थांबेल. घर बंद असेल तर प्रत्येक भेटीआधी हे करा. सिगारेटचा वास भिंतींवर बसलेल्या चिकट थरात असतो. भिंती डिटर्जंटच्या पाण्याने धुऊन, वाळवून, डाग रोखणारा प्रायमर लावल्याशिवाय तो जात नाही, आणि पडदे धुवायला टाकावेच लागतात. मांजराच्या मुताचा वास साध्या धुण्याने परत परत येतो, कारण त्यातले युरिक अॅसिडचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यासाठी एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं. कुबट वास येत असेल तर पुन्हा वर जा आणि ओलीचा भाग वाचा.

रंग आणि उजेड

इथवर आल्यावर आता रंग. सगळं घर रंगवायची गरज असेलच असं नाही. मुख्य दार, बाहेरची खोली आणि जिथे डाग आहेत त्या भिंती आधी. किंचित उबदार पांढरा किंवा फिका करडा घ्या. गर्द जांभळी भिंत तुम्हाला कितीही प्रिय असली तरी बघणाऱ्याच्या हिशेबात ती 'दोन हात जास्त' अशीच मोजली जाते. जुन्या घरातला खूप जुना रंग काढायचा असेल तर कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ विशेषतः लहान मुलांना घातक असते. तपासून घ्या किंवा माहितगार रंगाऱ्याकडून काढून घ्या.

उजेडाचा परिणाम मात्र रंगापेक्षाही लवकर दिसतो. काचा दोन्ही बाजूंनी पुसा, जाड पडदे बाजूला करा, खिडकीबाहेर वाढलेल्या फांद्या छाटा. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार, ४०००च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बसायच्या-झोपायच्या खोल्यांत उबदार, ओट्यावर आणि बाथरूममध्ये मधला चालतो. एकाच खोलीत एक पिवळा आणि एक पांढरा बल्ब नको, खोली कळकट दिसते आणि फोटो तर हमखास बिघडतात.

फोटो

गिऱ्हाईक घर आधी फोनवर बघतं आणि तिथूनच निम्मी घरं बाद करतं, त्यामुळे फोटो सगळी आवराआवर झाल्यावरच काढा. दिवसा, सगळे दिवे लावून, कमोडचं झाकण खाली करून. फोन साधारण छातीच्या उंचीवर, सरळ धरा. वर किंवा खाली कललात तर भिंती तिरक्या दिसतात. खोलीच्या कोपऱ्यात किंवा दारात उभं राहून समोरची खिडकी आणि थोडी जमीन चौकटीत घ्या. अतिरुंद लेन्सचा मोह आवरा. त्याने खोली मैदानाएवढी दिसते खरी, पण प्रत्यक्षात आल्यावर लोकांचा चेहरा पडतो, आणि फसवल्याची भावना घेऊन आलेला माणूस घासाघीस जास्त करतो. आरशात तुम्ही दिसत नाही ना, तेही बघा.

फोटोंसोबत मोजमापांसह साधा आराखडा द्या. आपला सोफा, आपलं टेबल कुठे बसेल हे लोकांना घरी बसून ठरवायचं असतं.

कागद आणि भेटीचा दिवस

मालकीची कागदपत्रं, मंजूर नकाशा, कर भरल्याच्या पावत्या, वीज-पाण्याची अलीकडची बिलं, कर्ज असेल तर बाकीचा तपशील, आणि ज्या दुरुस्त्या केल्या त्यांच्या पावत्या व हमीपत्रं असं सगळं एका फाइलमध्ये लावा. मूळ प्रती कुणाच्या हातात देऊ नका, छायाप्रती ठेवा. गच्चीच्या जलरोधक कामाची पावती दाखवता येणं हे ताज्या रंगापेक्षा भारी पडतं.

भेटीच्या तासभर आधी खिडक्या उघडा, कचरा बाहेर टाका, सिंक रिकामं करा, ओट्यावर दोन-तीन वस्तूच ठेवा. कुत्रा-मांजर त्या वेळेपुरतं दुसरीकडे. टीव्ही बंद. एजंट असेल तर तुम्ही बाहेर पडा, मालक मागे मागे फिरत असला की लोक मोकळेपणी बोलत नाहीत. स्वतः दाखवत असाल तर घरी आणखी एक माणूस सोबत असू द्या, खोलीचं दार उघडून त्यांना पुढे जाऊ द्या आणि विचारल्याशिवाय बोलू नका. 'ही बघा खिडकी' असं सांगायची गरज नसते.

दोष विचारले तर खरं सांगा. लपवलेली मोठी गळती किंवा वाद नंतर बाहेर आला तर व्यवहार मोडू शकतो, आणि पुष्कळ ठिकाणी ते कोर्टापर्यंत जातं. 'गेल्या वर्षी इथे गळत होतं, पाइप बदलला, ही पावती' हे वाक्य ऐकून गेलेला माणूस परत येण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक भेटीनंतर त्यांनी काय विचारलं, कुठे थांबले ते दोन ओळींत लिहून ठेवा. एकाला स्वयंपाकघर अंधारं वाटलं तर ती त्याची आवड. तिघांनी तेच म्हटलं तर तिथला बल्ब बदला. आणि घरासोबत काय राहणार, काय तुम्ही नेणार याची यादी सौद्याआधी लेखी करा: पंखे, गीझर, पडद्यांच्या दांड्या, भिंतीतली कपाटं, बाहेरच्या कुंड्या. ठरलेला व्यवहार गीझरवरून अडून बसलेला पुष्कळांनी पाहिला आहे.